गप्पी माशांची पैदास व पिलांची जोपासना

मोसंबी, कापूस व सोयाबीन यांवरील मजकुरास सरावलेल्या आमच्या वाचकांस माशांवरील हा लेख पाहून कदाचित् हंसूं येईल. परंतु गेल्या भाद्रपदांत आमचा नातू डेंग्यूच्या तापानें अंथरुणास खिळला, व आरोग्यसेविकेनें आमच्याच अंगणांतील हौदांत वळवळणाऱ्या अळ्या आम्हांस दाखविल्या, तेव्हांपासून हा विषय आम्हांस हंसण्याजोगा वाटत नाहीं.

जालना जिल्ह्यांत पाणी सांठविल्यावांचून गत्यंतर नाहीं. कडवंचीसारख्या गांवानें शेततळ्यांच्या बळावर द्राक्षांचे मळे उभे केले. घरोघर हौद व रांजण आहेतच. पण स्थिर पाण्यांत घातलेल्या अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडता डास तयार होतो. हिवतापाचें मूळ डासांत असल्याचा शोध रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं सिकंदराबादेस, म्हणजे आपल्या जुन्या निजामी मुलखांतच लागला. रांजण दर आठवड्यास रिता करून घांसतां येतो. जें पाणी ओतून देतां येत नाहीं, त्यासाठीं मासे.

या कामीं दोन परदेशी मासे प्रसिद्ध आहेत. गँबुशिया १९२८ सालीं इटलीहून आपल्या देशांत आणला गेला. दुसरा गप्पी, त्याचें नांव त्रिनिदाद बेटावरील रॉबर्ट गप्पी यांजवरून पडलें. दोघेही अंडीं न घालतां जिवंत पिलें प्रसवतात. आम्हीं गप्पी पाळला. नर इंचभर व रंगीत शेपटीचा, मादी फिकट व बरीच मोठी. एका नरास दोन-तीन माद्या पुरेत. एकदां संयोग झालेली मादी पुढें नराशिवायही अनेक वेळां विते. पोटाच्या मागील भागावरचा काळसर डाग गडद झाला व पोट चौकोनी दिसूं लागलें, कीं प्रसूति जवळ आली असें समजावें. सुमारें चार आठवड्यांच्या अंतरानें वीस ते पन्नास पिलें होतात, पहिलटकरणीस कमी.

खरी अडचण यापुढेंच आहे. पहिल्या खेपेस आम्हीं मादी एकटीच काचेच्या बरणींत ठेविली. सकाळीं तीसेक पिलें मोजलीं. संध्याकाळीं सहा उरलीं! आईनेंच तीं गिळलीं होतीं. दुसऱ्या खेपेस भाजी धुण्याची जाळीदार परडी टोपल्यांतील पाण्यांत अर्धी बुडवून मादी तींत सोडली. पिलें जाळींतून खालीं गेलीं, मादी वर राहिली. नंतर तिला उचलून हौदांत परत सोडलें. परडी नसल्यास पाण्यांत दाट पाणवनस्पती घालावी. पिलें तींत दडतात.

पिलूं पाव इंचाचें असतें व जन्मतांच पोहूं लागतें. त्यास उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची वस्त्रगाळ पूड, चिमटीच्या चिमटीइतकी, दिवसांतून तीन-चार वेळां द्यावी. उरलेलें अन्न कुजून पाणी नासतें. म्हणून दर तिसऱ्या दिवशीं चौथाई पाणी बदलावें. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मगच घालावें. टोपलें सावलींत असावें, व पौषांतल्या रात्रीं घरांत घ्यावें. दीड-दोन महिन्यांत पिलें हौदांत सोडण्याजोगीं होतात.

येथें आमच्या हातून घडलेली चूक सांगणें अवश्य आहे. मोसंबीवर फवारणी करून आम्हीं पंप हौदाच्या कांठींच धुतला. शिंतोडे किती ते पडले असतील! दुसरे दिवशीं सारे मासे पाण्यावर पालथे. फवारणीचीं कित्येक औषधें माशांस अत्यल्प मात्रेंतही मारक असतात, व मोरचूदही तसाच. पंप धुण्याची जागा हौदापासून दूर व उताराकडे असावी.

तसेंच हे मासे कुंडलिकेंत, दुधनेंत किंवा गांवच्या ओढ्यांत मुळींच सोडूं नयेत. ते देशी माशांचीं अंडीं व पिलेंही खातात, आणि एकदां पसरल्यावर परत गोळा करतां येत नाहींत. हौद, टांकें, बंदिस्त शेततळें एवढेंच त्यांचें क्षेत्र.

मासे आम्हीं आरोग्य खात्याच्या माणसांकडून पुन्हां मागून आणले. नातू आतां बरा आहे व पिलांस खाऊ घालण्याचें काम त्यानें आपणाकडे घेतलें आहे. मूठभर पूड टाकूं नये, हें मात्र त्यास रोज सांगावें लागतें.