ट्रॅक्टरचा फिरता दांडा

मंडळी, ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नांगर येतो, नाही तर उसाची ट्रॉली येते. ही ओढण्याची कामे. ती ट्रॅक्टर चाकांच्या जोरावर करतो. पण त्याचा जोर आणखी एका वाटेने बाहेर येतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागे, मधोमध, एक आखूड दातेरी खुंट असतो. इंजिन चालू करून पीटीओची दांडी टाकली की हा खुंट गरगर फिरतो. त्याला एक लांब दांडा जोडतात. दांड्याचे दुसरे टोक यंत्राला जोडतात. मग रोटाव्हेटर माती भुसभुशीत करतो, हडंबा सोयाबीन मळतो, द्राक्षबागेत ब्लोअर औषध फवारतो. या दांड्यालाच पीटीओ शाफ्ट म्हणतात.

आमच्या एका मित्राची गोष्ट सांगतो. दोन सुग्यांपूर्वी त्याच्या शेतात मळणी चालली होती. शाफ्टवरचे कव्हर फुटले होते. "ग्रीस भरायला आडवं येतंय," म्हणून कोणी तरी ते काढून बांधावर टाकले होते. पलीकडे रिकामी पोती होती. ती आणायला हा फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून निघाला. धोतराचा सोगा अडकला. धोतर जुने होते, ते फाटले, म्हणून जीव वाचला. पाय मात्र मोडला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, वळसा घातला असता तर दहा पावलं जास्त पडली असती. तेवढंच!"

शाफ्ट किती जोरात फिरतो?

आपण हिशेब करून पाहू. बहुतेक कामांना शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो. मिनिटाचे सेकंद 60. म्हणजे एका सेकंदात 9 फेरे. शाफ्टचा घेर अर्धा फूट धरला, तर एका सेकंदात साडेचार फूट कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते. "अरे, थांबव!" असे म्हणेपर्यंत उपरणे संपते आणि माणूस ओढला जातो. हात आखडून घ्यायला वेळच मिळत नाही.

म्हणून शाफ्टवर कव्हर असते. शाफ्ट आत फिरतो, कव्हर बाहेर स्थिर राहते. कव्हराला बारीक साखळी असते. ती यंत्राला किंवा ट्रॅक्टरला अडकवावी, म्हणजे कव्हर शाफ्टबरोबर फिरत नाही. इंजिन बंद असताना कव्हर हाताने फिरवून पाहा. ते मोकळे फिरले पाहिजे. अडकत असेल, फुटले असेल, तर दुरुस्त करा किंवा नवे घाला. त्याशिवाय काम सुरू करू नका. साखळीला शाफ्ट टांगू नका. ती त्यासाठी नाही.

ग्रीस

शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक जोड असतो. त्याच्या आत चार हातांचा लोखंडी तुकडा असतो. मिस्त्री त्याला क्रॉस म्हणतात. क्रॉसमुळे शाफ्ट वाकड्या रेषेतही फिरू शकतो. त्याच्या चारही टोकांवर सुयांसारख्या बारीक रोळ्या बसवलेल्या असतात. त्यांना ग्रीस मिळाले नाही तर त्या तापतात, गंजतात, आणि एक दिवस क्रॉस तुटतो.

दर आठ तासांच्या कामाला एकदा ग्रीस द्यावे. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दिले की चुकत नाही. आधी निप्पल फडक्याने पुसा, नाही तर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. मग ग्रीसगन लावा. कडेने जुने ग्रीस थोडे बाहेर आले की पुरे.

शाफ्टमध्ये दोन नळ्या असतात. एक दुसरीत सरकते. त्या अधूनमधून सोडवून पुसाव्यात आणि त्यांनाही ग्रीस लावावे. नळ्या सरकल्या नाहीत तर सगळा धक्का ट्रॅक्टरच्या गिअरवर बसतो.

लांबी बरोबर आहे का?

यंत्र उचलले, ट्रॅक्टर वळला, की शाफ्ट कमीजास्त लांब होतो. शाफ्ट फार लांब असेल तर तो आत टेकतो आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर दाब देतो. फार आखूड असेल तर नळ्या सुटतात आणि फिरता शाफ्ट चाबकासारखा आपटतो. म्हणून दोन गोष्टी पाहा. काम चालू असताना नळीचा निदान तिसरा हिस्सा एकमेकीत असावा. शाफ्ट सगळ्यात आखूड झाला तरी आत एक इंच जागा उरावी. ट्रॅक्टर एकाचा आणि रोटाव्हेटर दुसऱ्याचा असेल, तर हे आधी तपासल्याशिवाय जोडू नका. शाफ्ट कापायचा झाला तर जाणत्या मिस्त्रीकडूनच कापून घ्या.

शाफ्ट का थरथरतो?

नळीच्या प्रत्येक टोकाच्या जोडाला दोन कान असतात. दोन्ही नळ्या जोडताना हे कान एका रेषेत यावेत. वाकडा जोड एकाच फेऱ्यात थोडा जलद, थोडा सावकाश असा फिरतो. दुसरा जोड ही चूक भरून काढतो. पण कान एका रेषेत असले तरच! नाही तर चूक वाढते, शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर झिजतात. तसेच दोन्ही टोकांचे वाक सारखे असावेत. रोटाव्हेटरच्या वेळी टॉप लिंक कमीजास्त करून हे जमवता येते.

शेताच्या टोकाला वळताना यंत्र गरजेपुरतेच उचला. जास्त उचलायचे असेल तर आधी पीटीओ बंद करा. सुरू करतानाही इंजिन मंद ठेवून पीटीओ जोडा, मग वेग वाढवा. एकदम झटका देऊ नका.

काही शाफ्टमध्ये एक कच्चा बोल्ट मुद्दाम घातलेला असतो. रोटाव्हेटरमध्ये दगड अडकला की तो तुटतो आणि यंत्र वाचते. घरातला फ्यूज तसाच. त्या जागी टणक बोल्ट घालणारा शहाणा दहा रुपये वाचवतो आणि गिअरबॉक्स घालवतो. जोडाच्या पिनेच्या जागीही खिळा किंवा लांब बोल्ट घालू नका. बाहेर आलेले टोकच कपडा पकडते. पीटीओला शाफ्ट बसवल्यावर पिन खट्‌कन बसली का ते ऐका. मग शाफ्ट ओढून पाहा.

एवढे ध्यानात ठेवा

शाफ्टजवळ काहीही करायचे असेल तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात. हडंब्याचे जड चाक नंतरही फिरत राहते. ते पुरते थांबू द्या.

फिरता शाफ्ट ओलांडू नका. त्याच्या खालूनही जाऊ नका. वळसा घाला.

उपरणे, पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्या. मुलांना खळ्यापासून लांब ठेवा.

मळणी चालू असताना इंजिन बंद करता येणारा एक माणूस ट्रॅक्टरजवळ असावा. कोणी अडकलाच तर हाताने ओढू नका, आधी इंजिन बंद करा. मग 108 ला फोन करा.

यंदा आमच्या मित्राने नवे कव्हर आणले आहे. भाड्याचा ट्रॅक्टर खळ्यावर आला की तो काठी टेकत पुढे होतो आणि विचारतो, "कव्हर घातलंय का?" घातले नसेल तर मळणी सुरू होत नाही. पहिल्या दिवशी पोरे हसली. आता ती स्वतःच आधी कव्हर पाहतात.