बाग आपली, बहार त्याचा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कथा लिहावी, कविता लिहावी. कायद्यावर लिहू नये, असा एक समज आहे. मीही कायद्याचा विद्यार्थी नाही. मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र हे माझे विषय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परंतु गेल्या वर्षी मला एक ठेच लागली आणि त्या ठेचेने १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा, म्हणजे ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो त्याचा कायदा, मला वाचायला लावला. आपल्यापैकी बरेच मित्र सुटीत लग्नाचे फोटो काढतात, कोणी दुकानदाराला जाहिरातीसाठी फोटो काढून देतात. माझी ठेच त्यांना लागू नये, एवढ्यासाठीच हा लेख.

आमचे गाव मूर्तिजापूरजवळ, म्हणजे अमरावती आणि अकोला यांच्या मध्ये. शिकायला मी अमरावतीला असतो, पण ओळखीपाळखी अकोल्याकडच्या. तिथल्या बियाणे-खतांच्या एका दुकानदाराने मला कॅलेंडरसाठी वीस फोटो काढायला सांगितले. दोन हजार रुपये ठरले. कॅमेरा एका स्टुडिओतून दिवसाच्या भाड्याने आणला. दुकान, गोदाम, पोत्यांची थप्पी, गिऱ्हाइकांची गर्दी, सगळे फोटो झाले. संध्याकाळी गावी परतताना रस्त्यालगतच्या शेतात माझी माय कापूस वेचताना दिसली. शेत आमचे नव्हे. ती किलोमागे मजुरीने वेचायला गेली होती. उन्हे तिरपी झाली होती, कमरेच्या फडक्यात कापूस भरला होता. मी तिचा एक फोटो काढला. तो कोणी सांगितला नव्हता. मला काढावासा वाटला म्हणून काढला.

चूक पुढे झाली. निवड न करता मी सगळेच फोटो एका पेन ड्राइव्हमध्ये घालून शेठजींना दिले. जानेवारीत कॅलेंडर गावात आले. पहिल्याच पानावर माझी माय आणि खाली मोठ्या अक्षरांत ओळ : "या बियाण्याने आमचे घर उभे राहिले." मायने ते बियाणे कधी पेरले नव्हते. पेरायला आमचे शेतच नाही. वेचणीला गेल्यावर बाया तिला हसून विचारू लागल्या, "काय व, घर कवा उभं राह्यलं?" माय काही बोलली नाही. रात्री मात्र तिने मला विचारले, "फोटो माहा, काढला तू. मंग मालक तो दुकानदार काहून?"

मला उत्तर देता आले नाही. मनात एवढेच होते की फोटो ज्याने काढला त्याचा हक्क. राज्यशास्त्राच्या सरांनी ग्रंथालयातून कायद्याची प्रत काढून दिली, आणि ती वाचल्यावर कळले की माझे म्हणणे अर्धेच खरे आहे.

कायदा असे सांगतो की फोटो काढणारी व्यक्ती ही त्या फोटोची 'कर्ती' होय, आणि कलम १७ प्रमाणे कर्ता हाच पहिला मालक. कॅमेरा कोणाचा, यावर काही अवलंबून नाही. हक्क मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. फोटो झाला त्याच क्षणी हक्क उत्पन्न होतो. (नोंदणी केली तर पुढे वादात पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो, एवढेच.) इथपर्यंत वाचून मला आनंद झाला. परंतु त्याच कलमाला अपवाद जोडलेले आहेत. त्यातला आपल्या कामाचा असा : एखाद्याने सांगितल्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा माणूस. म्हणजे ठरवून, पैसे घेऊन काढलेल्या त्या वीस फोटोंचे मालक शेठजीच होते. त्यांनी ते फोटो उद्या दहा गावांत लावले असते, तरी मी काही म्हणू शकलो नसतो.

मायचा फोटो मात्र वेगळा. तो कोणाच्या सांगण्यावरून काढलेला नव्हता, त्याचे पैसे ठरले नव्हते. तो मूळ नियमात बसतो, अपवादात नाही. तो माझा. एकाच दिवशी, एकाच कॅमेऱ्याने काढलेल्या आणि एकाच पेन ड्राइव्हमधून दिलेल्या फोटोंचे मालक असे दोन निघाले. फोटोची प्रत हातात देणे वेगळे आणि हक्क देणे वेगळे, हे तेव्हा मला समजले. अर्थात शेठजी म्हणू शकले असते की तूच तर दिलास. आणि माझ्याजवळ कागदाचा एक चिटोराही नव्हता.

आता मुख्य प्रश्न. गिऱ्हाइकाने पैसे द्यावेत, त्याचे काम व्हावे आणि तरीही फोटोवरचा हक्क आपल्याकडे राहावा, असे करता येते काय? येते. अपवादातले 'उलट करार नसल्यास' हे शब्द त्यासाठीच आहेत.

ही गोष्ट समजायला आपल्या वऱ्हाडी माणसाला परदेशी जायला नको. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकतात. व्यापारी पैसे मोजतो, फळे तोडून नेतो. पण म्हणून बाग त्याची होत नाही. आंबिया बहार घेतला तर मृग बहारावर त्याचा हक्क नाही, आणि झाडाला कुऱ्हाड लावण्याचा तर नाहीच. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. फोटोचा परवाना म्हणजे हा बहाराचा सौदा. हक्क विकून टाकणे म्हणजे बागेचे खरेदीखत. आपण मात्र दोन हजारांच्या बहारासोबत बागही देऊन टाकतो, आणि दिली हे आपल्याला ठाऊकही नसते!

बहाराच्या सौद्यात जशा चार गोष्टी ठरतात, तशाच परवान्यातही ठराव्या लागतात. पहिली, कोणते फोटो : क्रमांक टाकून, नेमके. दुसरी, कशासाठी : कॅलेंडर म्हटले तर कॅलेंडरच; फ्लेक्स, पिशव्या, वर्तमानपत्रातली जाहिरात हे वेगळे बहार. तिसरी, किती काळ आणि कोणत्या भागात. चौथी, मोबदला किती. याखेरीज, तेच फोटो आपण दुसऱ्याला देऊ शकतो की नाही हेही लिहावे. दुसऱ्या कोणालाच द्यायचे नसतील, तर भाव अर्थातच जास्त घ्यावा.

परवाना लेखी असावा असे कलम ३० सांगते. हक्क पूर्णपणे देऊन टाकायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तोही लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर सारा भारत. हे नियम परवान्यालाही लागू केलेले आहेत. म्हणजे 'एका वर्षाच्या कॅलेंडरसाठी' हे तीन शब्द लिहायचे राहिले, तर एका वर्षाची पाच होऊ शकतात. कलम १७ मधला 'उलट करार' लेखीच हवा असे शब्द तिथे नाहीत. पण तोंडी बोलणे पुढे कोण सिद्ध करणार? म्हणून तोही त्याच कागदावर, सगळ्यात वर, आणि फोटो काढायच्या आधी लिहून घ्यावा.

हे ऐकल्यावर पुष्कळ लोक म्हणतात, "बटण तर दाबायचे! त्यात कसला आला हक्क?" ही शंका जुनी आहे. न्यूयॉर्कच्या सरोनी नावाच्या छायाचित्रकाराने लेखक ऑस्कर वाइल्ड यांचा फोटो काढला होता. एका छपाई कंपनीने त्याच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. फोटो म्हणजे केवळ यंत्राचे काम, त्यात निर्मिती कसली, असा कंपनीचा युक्तिवाद होता. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. माणसाला कसे बसवायचे, प्रकाश कुठून घ्यायचा, काय दाखवायचे हे ठरवणारा तो छायाचित्रकार, म्हणून तो कर्ता, असा निर्णय दिला.

मग आपल्या कायद्यात सांगणारा मालक का? हा अपवाद इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यातून आपल्याकडे आला. गंमत अशी की खुद्द इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने तो काढून टाकला, आणि १ ऑगस्ट १९८९ पासून तिथे सांगून काढलेल्या फोटोचा हक्कही छायाचित्रकाराकडेच राहू लागला. मात्र घरगुती कारणासाठी काढवून घेतलेले फोटो छायाचित्रकाराने परस्पर लोकांपुढे मांडू नयेत, असा हक्क काढवून घेणाऱ्याला दिला. मला ही वाटणी न्यायाची वाटते. लग्नातल्या नवरीचे फोटो आपण दुकानाच्या काचेवर लावावेत, हे काही आपल्या हक्काच्या गोष्टीत बसू नये. लग्नाच्या कामात हक्क राखायचाच असेल, तर परवानगीवाचून कुठेही लावणार नाही, असे वचनही त्याच कागदावर द्यावे.

जे मित्र स्टुडिओत पगारावर आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. नोकरीच्या कामात काढलेल्या फोटोंचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. ज्याचे त्याचे काम भाड्याच्या कॅमेऱ्याने करणारा मी, आणि महिन्याच्या पगारावर असणारा माझा मित्र, यांची स्थिती कायद्यात सारखी नाही.

मात्र हक्क विकला तरी एक गोष्ट कर्त्याजवळ उरतेच. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क त्याला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले व त्याची नासधूस झाली. हक्क सरकारकडे होता; तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सहगलांना पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा हुकूम केला. नावाचे मोल काय, हे होमाई व्यारावाला यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते. भारतातल्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पण मुंबईतले त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आता माझ्या गोष्टीचा शेवट सांगतो. मी एक पत्र लिहिले आणि अकोल्याला गेलो. कॅलेंडरे वाटून झाली होती, त्यांचे काही होणार नव्हते. पण खरीप हंगामासाठी मायच्याच फोटोचा फ्लेक्स तयार होत असल्याचे कळले होते. शेठजींनी पत्र वाचले, म्हणाले, "दोन हजार तर घेतले ना तू?" मी म्हटले, "घेतले. ते वीस फोटो तुमचेच आहेत, त्यावर माझे काही म्हणणे नाही. हा एकविसावा तुम्ही सांगितला नव्हता." त्यांनी पुन्हा वाचले. जास्तीचे पैसे त्यांनी दिले नाहीत, मीही मागितले नाहीत. मायचा फोटो यापुढे वापरणार नाही, अशा ओळीखाली त्यांनी सही केली. फ्लेक्सवर दुसरे चित्र आले.

तेव्हापासून काम घेताना मी एक कागद पुढे ठेवतो. मित्रांनी तो खुशाल उतरवून घ्यावा :

"या कामात काढलेल्या सर्व छायाचित्रांचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडेच राहील, असे उभयतांनी ठरवले आहे. क्रमांक — ते — ही छायाचित्रे — या कामासाठी, — या कालावधीत, — या भागात वापरण्याचा परवाना रुपये — घेऊन देण्यात येत आहे. छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापावे. याखेरीज कोणताही वापर करावयाचा झाल्यास नव्याने लेखी परवानगी घ्यावी." खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

या कागदामुळे एखादे काम हातचे जातेही; एकदा गेले. पण बहुतेक लोक समजावून सांगितले तर ऐकतात. हक्क राखायचा तो केवळ पुढच्या पैशांसाठी नव्हे. आपण काढलेला फोटो उद्या कुठे लागेल आणि त्याच्या तोंडी कोण कोणते वाक्य घालील, यावर आपला शब्द चालावा म्हणून.

सही घेऊन घरी आलो तेव्हा मायने विचारले, "मंग आता फोटो कोनाचा?" मी म्हटले, "कायद्यानं माहा." ती म्हणाली, "बरं झालं. पण काढताना मले तूही इचारलं नव्हतं."

हे खरे होते. म्हणून आता त्या कागदाच्या शेवटी मी आणखी एक ओळ लिहितो : छायाचित्रातील व्यक्तीला वापराची कल्पना दिली असून तिची संमती आहे. तिथे त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा घेतो. पहिला अंगठा मायचाच आहे. तिचा फोटो या अंकासाठी संपादक मंडळाने मागितला होता. तिला विचारले. ती नको म्हणाली, म्हणून दिला नाही.