गोष्ट पोचते, पण आकडा पोचतो का?

१४ मे २०१३ला अँजेलिना जोलीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक छोटा लेख लिहिला. आई कॅन्सरने गेली, स्वतःच्या बीआरसीए-१ जनुकात दोष सापडला, डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका ८७ टक्के सांगितला, म्हणून दोन्ही स्तन शस्त्रक्रियेने काढले. लेख बघता बघता जगभर शेअर झाला.

आरोग्यसंवादावर पीएचडी करायचा विचार असेल तर या लेखानंतर काय झालं ते नीट बघा.

अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१६मध्ये आला. लेखानंतरच्या १५ कामकाजाच्या दिवसांत बीआरसीए चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. इथेच थांबलात तर म्हणाल, वा, काय जनजागृती! पण चाचणी केलेल्या बायकांपैकी पुढच्या ६० दिवसांत स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांवरून ७ वर आलं. म्हणजे वाढलेल्या चाचण्या बहुधा कमी धोक्याच्या बायकांनी करून घेतल्या, असा संशोधकांचा अर्थ.

दुसरं एक सर्वेक्षण अडीच हजारांहून जास्त अमेरिकन प्रौढांचं. चारातल्या तिघांना जोलीची गोष्ट माहीत होती. तिचा धोका साधारण बाईच्या तुलनेत किती, हे नीट समजण्याइतकी माहिती मात्र १० टक्क्यांपेक्षाही कमी लोकांकडे होती.

असं का होतं? गोष्टीत माणूस एकच असतो, आणि आपण त्याच्या जागी स्वतःला बघतो. मग ८७ टक्के हा आकडा आपलाही वाटायला लागतो. खरं तर तो फक्त तो दोष असलेल्या एका बाईचा होता. अमेरिकेत साधारण बाईचा आयुष्यभराचा धोका १३ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरपैकी जेमतेम ५ ते १० टक्केच आनुवंशिक. हे वाक्य कुणी शेअर करत नाही, करणारही नाही.

जोली चुकली असं मला अजिबात वाटत नाही. तिच्यामुळे खरोखर धोक्यात असलेल्या काही जणी वेळेत डॉक्टरकडे गेल्याही असतील. माझी तक्रार आपल्या मोजमापाबद्दल आहे. आपल्याकडच्या प्रबंधांतही व्ह्यूज आणि लाइक्स मोजून ‘जागृती वाढली’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो. रील्सवर काम करणार असाल तर प्रश्नावलीत दोन प्रश्न वेगळे ठेवा: हे ऐकलंय का? आणि, हा धोका शंभरातल्या किती जणांना आहे, त्यात तुम्ही येता का? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आधी २०–२५ जणांकडून घेऊन बघा, मगच गाइडकडे जा.