न घडलेल्या एप्रिलचा हिशोब

नागपूरहून बदली होऊन नवी मुंबईतल्या रबाळ्याला आलेल्या माणसाने सोबत कूलर आणला, तर पहिल्याच उन्हाळ्यात तो माळ्यावर टाकावा लागतो. नागपुरात वाळ्याच्या ताटीतलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडतं आणि खोली गारेगार होते. रबाळ्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी. इथली हवा आधीच बाष्पाने जड झालेली असते, ती आणखी पाणी घेईल कशी?

आपलं शरीरही त्याच तत्त्वावर चालतं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र तो वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेल्या घामाने अंग गार होत नाही, पाणी आणि मीठ तेवढं जातं. हवेत घाम कितपत वाळेल हे मोजायची वेधशाळेतली युक्ती जुनी आणि फार देखणी आहे. दोन तापमापक शेजारी शेजारी, एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. हवा कोरडी असली की ओल्याचा पारा बराच खाली बसतो. दमट असली की दोन्ही पारे जवळजवळ बरोबरीला येतात, आणि तेव्हा घामाचा काही उपयोग उरत नाही.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतच, खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक उन्हात बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास. एवढ्याला विदर्भात कुणी ऊनही म्हणणार नाही! त्यात १४ माणसं दगावली.

हवामान बदलामुळेच हे झालं का? प्रश्न असा विचारला की शास्त्रज्ञ हो किंवा नाही म्हणत नाहीत, ते शक्यता मोजतात. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ हा असंच मोजमाप करणारा गट २०१४ मध्ये फ्रेडरिके ऑटो आणि गेर्ट यान फान ओल्डेनबोर्ख यांनी सुरू केला. त्यांची रीत अचाट आहे. जुन्या नोंदी आणि संगणकी प्रारूपांच्या मदतीने ते एक असं जग उभं करतात, जिथे कोळसा आणि तेल जाळून पृथ्वी तापलेलीच नाही. त्या जगात असा एप्रिल किती वेळा आला असता? २०२३ च्या, सुमारे १.२ अंशांनी तापलेल्या जगात तो किती वेळा येतो? दोन्हींची तुलना करायची. म्हणजे कधी न घडलेल्या ऋतूंशी ताडून घडलेला ऋतू तोलायचा.

त्या एप्रिलचा निकाल त्यांनी महिनाभरात, मे २०२३ मध्ये दिला. भारत आणि बांगलादेशातल्या असल्या दमट उकाड्याची शक्यता हवामान बदलाने किमान ३० पट वाढवली होती. पूर्वी शतकात एखादवेळीही न येणारा हा उकाडा आता साधारण पाच वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. तापमानवाढ दोन अंशांवर पोहोचली, तर किमान दोन वर्षांतून एकदा.

पण ही ३० पट वाढ उकाड्याच्या शक्यतेची आहे, मृत्यूंची नव्हे. खारघरला लोकांच्या डोक्यावर सावली का नव्हती, याचं उत्तर कुठलंही प्रारूप देणार नाही. ते आयोजकांनीच द्यायचं असतं.

तेव्हा उन्हाळ्यात मोबाइलवर हवामान बघताना तापमानाशेजारचा आर्द्रतेचा आकडाही वाचा. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता एकत्र आली, की अंगाला ४१ अंशांसारखा उकाडा जाणवतो, आणि धोक्याची रेघ तिथूनच सुरू होते.