बोटीला तेल किती लागेल?

पिंपरी-चिंचवड, चाकण हा आपला भाग इंजिनांचा आहे. शेजारी खडकीला किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला. ही कंपनी १९४६ सालची. चिंचवडला रस्टन कंपनीची डिझेल इंजिने होत असत. आपल्याकडे समुद्र नाही. पण डिझेल इंजिन जसे विहिरीवर बसते, ट्रकात बसते, तसेच ते बोटीतही बसते. विहिरीवर ते पाणी ओढते. बोटीत ते पाण्याखालचा पंखा फिरवते आणि बोट पुढे जाते. म्हणून बोटीच्या तेलाचा हिशेब आपल्यालाही सहज समजेल. तो आज समजून घेऊ या.

आधी ट्रकाचा हिशेब पाहू. चाकणहून न्हावाशेवा बंदर सुमारे १२५ किलोमीटर आहे. समजा, भरलेला ट्रक एका लिटरला ४ किलोमीटर जातो. १२५ ला ४ ने भागा. ३१ लिटर आणि थोडे वर, एवढे डिझेल लागेल. समजा कमी पडले, तर काय होईल? ट्रक कडेला लावायचा. क्लीनरने डबा घेऊन पंपावर जायचे. फार तर दोन-तीन तास मोडतील.

समुद्रात पंप नाही, आणि रस्त्याची कडही नाही. इंजिन थांबले की बोट वारा नेईल तिकडे जाते. ती लाटेला आडवी होते, कधी खडकावर आदळते. म्हणून तिथे तेलाचा हिशेब हा जिवाचा हिशेब आहे.

तासावर मोजा

ट्रकाचे तेल आपण किलोमीटरवर मोजतो. बोटीचे तेल तासावर मोजावे. असे का? रस्ता जागचा हलत नाही. पाणी मात्र हलते. भरती येते, ओहोटी लागते, वारा फिरतो. पाणी सामोरे आले, तर इंजिन तेवढेच तेल खाते, पण वाट कमी सरते.

विहिरीवरच्या इंजिनाचे तेलही आपण तासावरच मोजतो, नाही का? ५ एचपीचे डिझेल इंजिन पुऱ्या ताकदीने चालले, तर तासाला सुमारे १ लिटर तेल पिते. बोटीच्या इंजिनाचाही ठोकळा हिशेब हाच. १०० एचपीचे इंजिन पुऱ्या ताकदीने तासाला सुमारे २० लिटर घेईल. बेताने चालवले तर समजा १२ लिटर घेईल.

आता एक उदाहरण घेऊ. मुंबईहून रत्नागिरी समुद्राने सुमारे १२० सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १ किलोमीटर ८५२ मीटर. बोट तासाला ८ मैल जाते. म्हणजे १५ तास लागतील. १५ गुणिले १२, झाले १८० लिटर.

पण वारा आणि पाणी समोरून आले, आणि बोट तासाला ६ मैलच सरली, तर? मग २० तास लागतील. २० गुणिले १२, झाले २४० लिटर. वाट तीच, बोट तीच, पण तेल ६० लिटर जास्त. मैलांवर हिशेब करणारा इथेच फसतो.

घाई महाग पडते

पाणी कापायला जोर लागतो. वेग थोडा वाढवला, तरी तेल फार वाढते. आणि वेग थोडा कमी केला, तर तेल पुष्कळ वाचते. आपली बोट ८ मैलांऐवजी ७ मैलांनी चालवली, तर तासाला १२ च्या जागी सुमारे ८ लिटर पुरतात. रत्नागिरीला पोचायला दोन तास जास्त लागतील. पण सुमारे ४० लिटर तेल वाचेल. तेल कमी पडेल असे वाटले, की शहाणा तांडेल वेग वाढवत नाही, कमी करतो.

तीन वाटे करा

बोटवाल्यांचा एक जुना नियम आहे. तेलाचे तीन सारखे वाटे करावेत. एक वाटा जायला, एक वाटा यायला आणि एक वाटा अडीअडचणीला. जाण्यायेण्याच्या तेलात त्याच्या निम्मे आणखी मिळवा, की तीन वाटे झाले.

आपल्या बोटीला जाऊन येऊन ३६० लिटर लागतात. त्याचे निम्मे १८०. एकूण ५४० लिटर भरावे. येताना वारा फिरला आणि २४० लिटर लागले, तरी १२० लिटर उरतील. सगळी माणसे घरी येतील.

टाकीच्या तळचे तेल हिशेबात धरू नये. तळाशी पाणी आणि गाळ साचतो. तो इंजिनात गेला, तर टाकीत तेल असूनही इंजिन बंद पडते.

ऐकीव आकड्यावर विसंबू नये. आपले इंजिन आपणच मोजावे. टाकी काठोकाठ भरा. इंजिन नेहमीच्या वेगाने दोन तास चालवा. मग मापाने तेल ओतून टाकी पुन्हा काठोकाठ भरा. जितके लिटर बसले, त्याचे निम्मे म्हणजे एका तासाचे तेल. तो आकडा वहीत लिहून ठेवा. विहिरीवरच्या इंजिनालाही हीच रीत लागू पडते. पिकाला पाणी देताना मध्यरात्री तेल संपायला नको.

आम्ही शाळेत काळ, काम आणि वेगाची गणिते घालीत असू. पोरे विचारीत, "गुरुजी, ह्याचा उपयोग काय?" उपयोग तो हा. ज्याला गुणाकार-भागाकार येतो, तो निघण्याआधीच कागदावर प्रवास करून पाहतो.

आता हे गणित तुम्ही करा. एक लाँच तासाला ६ लिटर तेल घेते. जायला ५ तास, यायला ५ तास लागतात. एकूण किती तेल भरावे?

उत्तर ९० लिटर आले, तर तुमचा हिशेब बरोबर आहे. ६० आले असेल, तर तिसरा वाटा राहिला. पुन्हा करून पाहा.