चलनाचा सौदा आणि रोजकीर्दीची शिस्त

अमरावती-अकोल्याच्या कापूस बाजारात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना भावाची चंचलता नवी नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना दुर्मिळ झाला, तेव्हा वऱ्हाडच्या रुईला अपूर्व भाव आला. आणि 1865 मध्ये ते युद्ध संपताच भाव असे कोसळले, की मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारख्या धनाढ्याचेही दिवाळे निघाले. पुढे 1886 मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल-मापाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. व्यापाऱ्याच्या मनातील लोभ घालविण्याच्या भरीस न पडता कायद्याने व्यवहारालाच मर्यादा घातली, हे मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. कारण चलनाच्या सौद्यात नव्याने उतरणाऱ्या तरुणालाही शिस्त लागते ती मनोनिग्रहाच्या शपथांनी नव्हे, तर सौद्यापूर्वी लेखी घालून घेतलेल्या मर्यादेने.

पहिली मर्यादा कायद्याची. राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट 2008 पासून होत असले, तरी रिझर्व्ह बँकेच्या मे 2024 पासून अमलात आलेल्या नियमांनुसार रुपयाशी निगडित सौदा करणाऱ्याच्या व्यवहारात परकीय चलनाची जोखीम प्रत्यक्ष असावी लागते. दहा कोटी डॉलरपर्यंत तिचा पुरावा मागत नाहीत, एवढीच सवलत. गाठी निर्यात करणाऱ्या जिनिंगवाल्याला ही जोखीम आहे. केवळ भाकितावर डाव लावणाऱ्याला नाही. मोबाइलवर झटपट श्रीमंतीची ग्वाही देणाऱ्या अनधिकृत परदेशी मंचांवर सौदे करणे तर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग होय, आणि अशा मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँक 2022 पासून प्रसिद्ध करीत आली आहे.

दुसरी मर्यादा हिशेबाची, आणि नवशिके बुडतात ते येथेच. डॉलरचा एक करार हजार डॉलरचा, म्हणजे भाव एक रुपया हलला की हजार रुपयांचा फरक. पन्नास हजारांचे भांडवल असलेल्याने एका सौद्यात शेकडा एकाहून अधिक गमवायचे नाही असे ठरविले, तर त्याची तोट्याची हद्द पाचशे रुपयांची, अर्थात एका करारावर पन्नास पैशांची झाली. तेथेच ‘स्टॉप लॉस’ लावावा आणि भाव विरुद्ध जाऊ लागला म्हणून तो पुढे सरकवू नये. मार्जिन कराराच्या मूल्याच्या अल्पांशाइतकेच लागत असल्यामुळे दहा करार घेण्याचा मोह होतो, परंतु दर सौद्यात शिलकीचा दहावा हिस्सा गमावीत गेल्यास लागोपाठच्या दहा तोट्यांत भांडवलाचा सुमारे पासष्ट टक्के भाग नाहीसा होतो. शेकडा एकाच्या मर्यादेने तेच दहा तोटे दहा टक्क्यांच्या आत राहतात. सेबीच्या पाहणीनुसार शेअरांच्या वायदे-विकल्पांत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेकडा 93 वैयक्तिक सौदेकरी तोट्यात होते. तो बाजार निराळा असला तरी मनुष्यस्वभाव तोच.

सातत्याचे साधन मात्र आपल्या पेढ्यांत पूर्वापार आहे. दिवसाची शिल्लक जुळल्यावाचून जुना मुनीम दुकान वाढवीत नसे, आणि नावे पडलेली रक्कम अप्रिय म्हणून खतावणीतून गळत नसे. चलनाच्या सौद्याची रोजकीर्द अशीच असावी: भाव, वेळ, घेण्याचे कारण आणि तोट्याची हद्द ही सौद्यापूर्वी लिहावी, नफा-तोटा, आणि हद्द पाळली की मोडली, हे नंतर. महिनाअखेर नफ्याच्या बेरजेपेक्षा शेवटचे सदर आधी वाचावे, कारण हद्द मोडूनही झालेला नफा हा मला तोट्यापेक्षा घातक वाटतो. तो पुढच्या मोठ्या तोट्याची सवय लावून जातो.

ज्याला परकीय चलनाची जोखीमच नाही, त्याने दसऱ्यापासून होळीपर्यंतचा कापसाचा एक हंगाम डॉलरचा रोजचा संदर्भदर टिपून कागदी सौदे लिहावेत. आणि ज्याला आहे त्या जिनिंगवाल्यानेही पहिले वर्षभर गाठींच्या येणे डॉलरांपुरतेच वायदे विकावेत, त्याहून एकही करार अधिक नव्हे.