समर्थांनी मागे ठेवलेला दासबोध

‘ज्ञानभारतम्’ या सरकारी सर्वेक्षणाच्या बातम्यांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचा आकडा वाचला आणि मला आधी आठवलं ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा जिल्हाभर गलका झाला, ऑक्टोबरात त्या सापडल्याही. मूर्ती गेली की गावाला कळतं. पोथी गेली तर बोंब मारायलाही कुणी नसतं.

समर्थांचं तर अख्खं पुस्तकच त्यांच्याच दुसऱ्या पुस्तकाच्या सावलीत गेलंय. त्याचं नाव ‘जुना दासबोध’ किंवा ‘एकवीस समासी’. आपण पारायणाला घेतो तो वीस दशकांचा, दोनशे समासांचा. हा अवघ्या एकवीस समासांचा. याच्या पारायणाला बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझं म्हणणं असं, की हाच आधी वाचावा. यात भर आहे तो वैराग्यावर. बोहल्यावरून पळालेला जांबचा नारायण ठोसर, म्हणजे तरुणपणीचे समर्थ, इथे अजून ओळखू येतो. मोठ्या दासबोधात तोच माणूस प्रपंच नीट सांभाळा म्हणतो, राजकारण शिकवतो आणि एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात चक्क अक्षर कसं काढावं ते समजावत बसतो. त्यांनी उभा मुलूख पायी पाहिला होता. माणसाचं मत बदललं, एवढंच. ‘संताचं मत बदललं’ म्हटलं की मात्र आपल्याकडे भुवया उंचावतात.

मोठा दासबोधही एका बैठकीत झालेला नाही. सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात कलियुगाची ४७६० वर्षं झाल्याचा हिशेब आहे. तो येतो शके १५८१, म्हणजे १६५९, अफजलखानाच्या वधाचं साल. समर्थ गेले १६८२ च्या आरंभी. मधली बावीस-तेवीस वर्षं ग्रंथ वाढवायला आणि जुळवायला मोकळी होती. पहिली सात-आठ दशकं सलग आणि पुढची सुट्या समासांतून ओवलेली, असं बरेच अभ्यासक मानतात.

हा कीस काढता येतो तो धुळ्याच्या एका वकिलामुळे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठोमठ हिंडून रामदासी बाडं गोळा केली. त्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेची स्थापना १८९३ ची. परांड्याजवळच्या डोमगाव मठातली कल्याणस्वामींची प्रत धरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला आणि १९३५ मध्ये धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायणही तिथेच आहे. जांबच्या पोराचे कागद बघायचे तर जालनेकरानं धुळ्याची गाडी धरायची!

जुनी पोथी कधी हातात घेऊन बघा. चुकलेल्या अक्षरावर लहिया पिवळा हरताळ फासायचा आणि वर बोरूनं नवं अक्षर काढायचा. ‘हरताळ फासला’ असं आपण येताजाता म्हणतो, ते तिथलं. अंबडकडच्या एका नातलगांच्या देव्हाऱ्यातली पोथी मी खिडकीशी धरली होती. एका जागी पिवळ्याचा पोपडा उडाला होता आणि खालचं टाकलेलं अक्षर काळंभोर दिसत होतं. ते अक्षर लागेना, पण तासभर पोथी खाली ठेववेना.

इटलीत अशा टाकलेल्या अक्षरांना तिकीट लागतं. संगीतकार पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा १९०४ च्या फेब्रुवारीत मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्याच रात्री सपशेल पडला. त्यानं तो मागे घेतला, दुरुस्त केला आणि मे महिन्यात ब्रेशियात गाजवला. पुढेही त्यात फेरफार करत राहिला. आणि ती पडलेली पहिली आवृत्ती? २०१६ च्या डिसेंबरात ला स्कालानंच आपला नवा हंगाम तिनं उघडला. त्यानं पुच्चिनी लहान झाला नाही.

सर्वेक्षणवाले मठांत, ग्रंथालयांत जातील. तुमच्या माळ्यावर येतीलच असं नाही. अक्षर लागत नाही म्हणून आजोबांची पोथी गोदावरीत सोडू नका. पुस्तकं जपायला मेणकापड, पेट्या आणि कुलपं ठेवा, हे समर्थांनी त्याच अक्षराच्या समासात सांगून ठेवलंय. तेवढं करा, आणि बांधण्याआधी पिवळे डाग कुठे आहेत त्या पानांचे फोटो काढून ठेवा.